टाकीतला दोन सेकंदांचा आवाज

२ जानेवारी, गुरुवार

सुट्या भागांच्या दुकानदारानं दरवर्षीसारखी डायरी दिली. दरवर्षी मी ती घरी आणून टाकतो आणि माझी बायको पुष्पा तिच्यावर पापडाचं पीठ चाळते. यंदा मीच लिहिणार. वय त्रेसष्ट. चाळीस वर्षं फैजपुरात गाड्या दुरुस्त करतोय, कुठल्या गाडीला कधी काय झालं ते सगळं आजवर डोक्यातच ठेवलं. आता डोक्यात जागा उरली नाही.

वर्षाचं पहिलं काम ज्योत्स्नाच्या पिकअपचं. ज्योत्स्ना खालच्या गल्लीतली. नवरा नीलेश केळीच्या ट्रकवर, दिल्लीची फेरी करून आला की चार दिवस झोपतो आणि परत जातो. हिनं घरी केळीचे वेफर आणि ज्वारीचे पापड, म्हणजे आमचे बिबडे, करायला घेतले. धुळ्याची एक दुकानवाली, दिपमाला नावाची, दर गुरुवारी माल घेते. त्यासाठी हिनं जुनी पेट्रोलवरची पिकअप घेतली आणि स्वतः चालवायला शिकली. मला आवडते पोर. मागच्या महिन्यात ट्रकच्या फाटक्या ट्यूब मागायला आली होती. तिच्या गोल चकत्या कापून डब्यांच्या झाकणात आतून बसवते. म्हणाली, नाना, हवा शिरली की माल सादळतो. डोकं चालतं तिचं.

तर तिची गाडी मागच्या गुरुवारी एरंडोलच्या पुढे बंद पडली. अर्धा तास उभी राहिली आणि आपोआप सुरू झाली. आज पुन्हा तेच. बाराच्या आत माल पोचायला हवा, पोचला अडीचला. दिपमालानं सांगितलंय, अजून एकदा उशीर झाला तर मी दुसरीकडून घेईन.

मी चावी फिरवली आणि टाकीजवळ कान नेला. चावी फिरवली की टाकीतला पंप दोन सेकंद झूं करतो, मग गप्प बसतो. ही त्याची हजेरी असते. आज काहीच नाही. पुन्हा फिरवली, काहीच नाही. पंप थकला, दुसरं काय. मी गाडीखाली होतो तेव्हा ज्योत्स्ना वरून झाकणाचं काहीतरी सांगत होती. गाडीवाल्यांचं निम्मं बोलणं सोडून द्यायचं असतं, नाहीतर काम होत नाही.

४ जानेवारी, शनिवार

टाकी उतरवली, पंप बदलला. नवा पंपही गप्प. दुकानदाराकडे परत नेला, म्हटलं मेलेला माल देतोस का. तो मला नळीच्या तोंडाशी काहीतरी दाखवत होता, हात हलवत होता. मी ऐकून घेतलं नाही. दुसरा आणला. तोही गप्प. हल्लीच्या मालात दमच राहिला नाही. पूर्वी पंप असा बोलायचा की रस्त्यावरून कळावं.

वायरिंग तपासलं. रिले बदलला. बल्ब लावून पाहिलं, वीज पंपापर्यंत येते. पेट्रोलचा फिल्टर काढून फुंकला, तो स्वच्छ. तरी नवा टाकला. गाडी सुरू होते, चालते, पण चावीला पंप बोलत नाही. म्हणजे सुरुवातीचा दाब धरत नसणार आणि लांब पल्ल्यावर दम तोडत असणार. टाकीच्या झाकणाचं रबर मात्र नवं दिसलं, घट्ट बसवलेलं. पोर टापटिपीची आहे.

भुसावळपर्यंत नेऊन आणली, खडखडाट नाही, झटका नाही. टाकी अर्धी होती. म्हटलं, बाई, ने आता.

५ जानेवारी, रविवार

पुष्पा माहेरच्या एका लग्नाला साक्रीला गेली होती. मला सांगून गेली होती की कुकर लावलाय, तीन शिट्ट्या झाल्या की बंद करा. मी समोर बसून होतो. एक शिट्टी होईल तर शपथ. डाळ करपली, भांडं काळं झालं. मी कुकरची शिट्टी खोलून साफ केली, तिची पिन घासली, रिंग बदलली. संध्याकाळी पुष्पा आली, भांडं बघितलं आणि काही बोलली नाही. हे नवीनच. एरवी हल्ली ती बोलत नाही, ओरडते. साक्रीची माणसं तशी मऊ बोलतात, लग्न झालं तेव्हा हिचं बोलणं ऐकायला मी मुद्दाम स्वयंपाकघरात बसायचो. वयानं माणूस कडक होतो म्हणतात, ते खरं आहे.

परवा शेजारची कामिनी तिला तोंडावर म्हणाली, काकू, नानांवर केवढं ओरडता हो. पुष्पा हसली आणि घरात गेली. तिनं काहीतरी उत्तर द्यायला हवं होतं.

९ जानेवारी, गुरुवार

गाडी पुन्हा बंद पडली. पारोळ्याच्या अलीकडे.

ज्योत्स्नाचा फोन आला तेव्हा मी उचलला, पण माझ्या मोबाइलचा स्पीकर गेलाय, नुसती खरखर. पुष्पानं माझ्या हातातून घेतला आणि सगळं विचारून मला सांगितलं, म्हणजे ओरडून सांगितलं. टाकी जळगावला फुल्ल केली होती. एरंडोल ओलांडलं आणि गाडी धापा टाकायला लागली. एक शेतकरी ढकलू लागला, तरी सुरू झाली नाही. पेट्रोल आहे का बघायला तिनं झाकण उघडलं, थोडं थांबली, तर सुरू झाली. एक वाजता पोचली. दिपमालानं घड्याळाकडे बघितलं आणि अखेरची एक संधी दिली म्हणे. पुढचा गुरुवार शेवटचा.

ज्योत्स्ना संध्याकाळी आली. चिडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती उभी राहिली, हातात चावी. मला लाज वाटली. चाळीस वर्षांत कुणी त्याच बिघाडासाठी गाडी घेऊन दुसऱ्यांदा माझ्या दारात आलं नव्हतं. दोन माणसं बसली होती त्यांच्यासमोर मी बोलून गेलो, "पुढच्या गुरुवारी ही गाडी रस्त्यात थांबली तर मी गॅरेजला कुलूप लावीन. तोतारामचा शब्द आहे."

पुष्पा दारात मेथी निवडत होती. तिच्या हातातली काडी तशीच राहिली. हल्ली ती रोज दुपारी भाजी घेऊन गॅरेजच्या दारात येऊन बसते आणि गिऱ्हाईक काही म्हणालं की तेच मला पुन्हा सांगते. मी वैतागतो. गिऱ्हाईकाचं बोलणं मला काय कळत नाही?

११ जानेवारी, शनिवार

कुंदनचा फोन. माझा पोरगा, जळगावला मोठ्या गॅरेजात आहे, कॉम्प्युटर लावून गाड्या बघतो. त्याच्या आईमार्फत निरोप दिला, आबा, दाबाचं गेज लावा, मी घेऊन येतो. म्हटलं, माझं गेज माझ्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना आहे. चालत्या इंजिनावर लांब स्क्रू ड्रायव्हर टेकवून दुसरं टोक कानाला लावलं की कुठलं बेअरिंग रडतंय ते मी आजही सांगतो. तेवढं त्याच्या कॉम्प्युटरला जमत नाही.

पण आज रात्रीपर्यंत गाडी खाली-वर केली आणि मला काही सुचलं नाही. इथे कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो. भीती वाटते. शब्द दिल्याची नाही. आपल्याला आता कळेनासं झालं असेल, याची.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

पुष्पानं तिळगूळ हातावर ठेवला आणि गोड बोला म्हणाली, तेही अशा आवाजात की कामिनीच्या ओट्यावरचं मांजर पळालं. मी म्हटलं, सुरुवात तू कर. ती हसली. मग तोंड फिरवून काहीतरी पुटपुटली. काय ते विचारलं नाही.

फैजपुरात चिमण्या उरल्या नाहीत. सकाळी ओट्यावर बसलो की पूर्वी तारेवर केवढा गोंधळ असायचा. मोबाइलच्या टॉवरनं गेल्या म्हणतात.

१५ जानेवारी, बुधवार

गाडी यावलला नेली, रावेरला नेली, परत आणली. एकदाही थांबली नाही. टाकी पावच होती. ज्योत्स्नाला विचारलं तर दर गुरुवारी जळगावला ती फुल्ल करते, आणि बंद पडते ती त्याच्या पुढेच. म्हणजे पेट्रोल कमी असलं की चालते आणि भरलं की थांबते. सगळं उलटं. पंप दमत असता तर पाव टाकीवरही दमला असता. कागदावर लिहून पाहिलं, तरी जुळत नाही.

उद्या मी सोबत जाणार. पुष्पाही येते म्हणाली. कशाला, विचारलं. म्हणाली, धुळ्याले बहिणीकडे जाऊ. तिची बहीण मागच्या महिन्यातच येऊन गेली.

१६ जानेवारी, गुरुवार

आजचं नीट लिहायचं आहे. सावकाश लिहितो.

सकाळी आठला निघालो. ज्योत्स्ना गाडी चालवत होती, मधे मी, खिडकीला पुष्पा. मागे वेफरचे डबे आणि बिबड्यांची पुडकी, वर ताडपत्री. जळगावला टाकी फुल्ल केली. एरंडोल गेलं. कपाशीची रानं मोकळी झाली होती, उन्ह कोवळं होतं आणि रस्ता चांगला होता. गाडीनं एक आचका दिला. मग दुसरा. ज्योत्स्नानं बाजूला घेतली आणि इंजिन बंद पडलं. दहा वाजून वीस मिनिटं.

मी उतरलो, पाने काढले, टाकीखाली आडवा व्हायला निघालो. पुष्पा टाकीच्या झाकणाशी उभी होती. मी म्हटलं, उघड ते, पेट्रोल बघू. तिनं झाकण थोडं फिरवलं आणि एकदम थांबली. ज्योत्स्नाकडे बघितलं. ज्योत्स्नानंही तिच्याकडे बघितलं.

"आयकं का?" पुष्पानं मला विचारलं.

"काय?"

तिनं झाकण तसंच अर्धवट धरून ठेवलं. माझा हात धरला आणि झाकणाच्या कडेवर ठेवला. बोटांना गार हवा लागली. हवा बाहेर येत नव्हती. आत ओढली जात होती, अशी की बोटाची कातडी फटीला चिकटावी.

"कुकरनी शिट्टीसारखा आवाज येई राहिना," ती म्हणाली. "तुमले येस नही का?"

मला येत नव्हता. पण बोटांना सगळं कळलं होतं. टाकीतलं पेट्रोल पंप ओढतो, तर त्याच्या जागी हवा शिरायला हवी. ती या झाकणाच्या बारक्या भोकातून शिरते. भोक बंद असेल तर आत पोकळी तयार होते आणि पंप ओढून ओढून थकतो. टाकी भरलेली असली की आत हवेला जागा थोडी, म्हणून पोकळी लवकर होते. उलटं दिसत होतं ते सगळं सुलट झालं. मी झाकण पूर्ण काढलं आणि आत बघितलं. नवं रबर. घट्ट बसवलेली गोल काळी चकती, पेट्रोलनं फुगून आणखी घट्ट झालेली. तिच्या कडेला ट्रकच्या ट्यूबवरची शिवण दिसत होती. माझ्याच गॅरेजातली ट्यूब.

"ही तू बसवलीस?" मी ज्योत्स्नाला विचारलं.

"हो ना. धुळ्याच्या बायका म्हणाल्या, बिबड्यांना पेट्रोलचा वास येतो. म्हणून डब्यासारखीच चकती बसवली." ती रडवेली झाली. "नाना, मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं तुम्हाला. तुम्ही गाडीखाली होता. तुम्ही हूं म्हणालात."

मी हूं म्हणालो असणार. हल्ली मी सगळ्यांना हूं म्हणतो.

पान्यानं चकती उपटून काढली. मग एक गोष्ट करून बघायची होती. ज्योत्स्नाला म्हटलं, नुसती चावी फिरव, गाडी सुरू करू नको. टाकीच्या पोटाला तळहात लावला. तिनं चावी फिरवली आणि माझ्या हाताखाली पत्रा थरथरला. एक, दोन. थांबला. पुन्हा फिरव म्हटलं. पुन्हा थरथरला. एक, दोन.

"पंपाचा आवाज येतो?" मी पुष्पाला विचारलं.

"येस ना."

"पहिल्या दिवसापासून?"

"रोज येस," ती म्हणाली. आज पहिल्यांदा ती हळू बोलली असावी, कारण मी ते तिच्या ओठांवरून वाचलं.

मोटरसायकलवरून जाणारा एक माणूस थांबला आणि काहीतरी म्हणाला. तोंड हलताना दिसलं. पुष्पानं त्याला उत्तर दिलं, "काही नही भाऊ, टाकीना श्वास कोंडाई जायेल व्हता. सुटना आते."

पावणेबाराला आम्ही धुळ्यात होतो. दिपमालानं माल मोजून घेतला, एक वेफर तोंडात टाकला, ज्योत्स्नाला पाणी दिलं. पुढच्या गुरुवारी दोन डबे जास्त आण म्हणाली. येताना मी खिडकीला बसलो. ते तीन पंप आठवत होते, जे मी मेलेले ठरवले. तिन्ही जिवंत होते. आणि दुकानदार नळीच्या तोंडाशी काय दाखवत होता, तेही कळलं: पंप चालतोय, बोट लावून बघा.

१७ जानेवारी, शुक्रवार

गाडी रस्त्यात थांबली होती. शब्द म्हणजे शब्द. सकाळी गॅरेजला कुलूप लावलं. ज्योत्स्ना धावत आली, चूक माझी होती नाना, असं काही करू नका म्हणाली. मी म्हटलं, चकती तू बसवलीस हे खरं, पण मिस्तरी कशाला असतो? झाकणातली चकती मी डोळ्यांनी बघितली होती आणि तिचं कौतुक केलं होतं. दुकानदाराकडे जाऊन माफी मागितली, नवा पंप परत केला, तिच्या गाडीत जुनाच बसवला. हाताला चांगला लागला.

दुपारी पुष्पा समोर येऊन बसली. रोजच्यासारखी मोठ्यानं बोलली, पण आज मला ते ओरडणं वाटलं नाही.

"तीन वरीसफाईन माहीत शे माले," ती म्हणाली. "कुंदनले बी सांगं नही."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुमले सांगतू तर तुम्ही त्याच दिनले कुलूप लावतात. कानवर चाले तुमनं गॅरेज. लोकेसले समजतं तर गाडी कोन आणतं?"

मी विचारलं, म्हणून दारात मेथी निवडायला बसायचीस? ती म्हणाली, मेथी तरी किती निवडावी माणसानं.

तीन वर्षं. गल्लीला वाटलं, पुष्पाबाई म्हातारपणी भांडखोर झाली. कामिनीनं तोंडावर ऐकवलं. मी स्वतः पाच तारखेला याच डायरीत काय लिहिलंय ते आज पुन्हा वाचलं. ते पान फाडावंसं वाटलं, पण फाडलं नाही. माझ्या चुकीची खूण राहू दे.

माझ्या बाईनं माझं नाव राखायला स्वतःचं नाव घालवलं आणि मी तिला गोड बोल म्हणालो.

२० जानेवारी, सोमवार

कुंदन जळगावला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. काचेच्या खोलीत बसवलं, कानाला हेडफोन, आवाज आला की बटण दाबायचं. मी बराच वेळ बटण धरून बसलो होतो. काचेपलीकडच्या बाईला वाटलं असेल, म्हाताऱ्याला झोप लागली. जाड आवाज मला चांगले ऐकू येतात, बारीक गेलेत. म्हणून इंजिन, बेअरिंग कळत होती. शिट्टी, झूं, चिमण्या, पुष्पा, हे गेलं. चाळीस वर्षं सायलेन्सरजवळ डोकं घातल्यावर दुसरं काय होणार, असं डॉक्टर म्हणाला. मशीन आठवड्यानं मिळेल.

येताना कुंदन म्हणाला, "आबा, गॅरेज उघडा. गेज मी देतो." मी हूं म्हणालो नाही. म्हटलं, ऐकलं मी, विचार करतो.

२८ जानेवारी, मंगळवार

मशीन लागलं. पहिला दिवस नकोसा गेला. पेपराचं पान उलटलं तरी पत्रा फाटल्यासारखं होतं. माझ्याच चपला मला फटकारत होत्या. ओट्यावर बसलो तर तारेवर चिमण्यांची कचेरी भरली होती. म्हणजे त्या कुठे गेल्याच नव्हत्या. टॉवरवाल्यांना मी उगीच बोल लावला. कुकरच्या शिट्टीची मी पिन घासून ठेवलीय, ती आता गरजेपेक्षा जास्त वाजते.

सकाळी एक पाटी रंगवली. 'मिस्तरीला कमी ऐकू येते. समोर येऊन सावकाश बोलावे. काम पूर्वीप्रमाणेच.' कुलूप काढलं आणि पाटी दारावर लावली. पुष्पा म्हणाली, लोक हसतील. म्हटलं, हसू दे. तीन वर्षं तुझ्यावर बोलत होते, आता जरा माझ्यावर. कामिनीनं पाटी वाचली, माझ्याकडे बघितलं, पुष्पाकडे बघितलं आणि दुपारी वाटीभर शेवभाजी घेऊन आली. माफी तिनं मागितली नाही, शेवभाजी चांगली होती.

चारच्या सुमारास ज्योत्स्ना पिकअप घेऊन आली. काही झालं नव्हतं, नुसती दाखवायला आली होती. परवा धुळ्याला सहा डबे जायचेत. मी टाकीजवळ वाकलो आणि तिला म्हटलं, चावी फिरव. झूं. दोन सेकंद. बारीक, एकसारखा, तक्रार नसलेला आवाज. तिला पुन्हा फिरवायला लावलं. मग आणखी एकदा. ती म्हणाली, नाना, बॅटरी उतरेल.

संध्याकाळी ओट्यावर बसून हे लिहितो आहे. सकाळीच पुष्पाला सांगितलंय, आता ओरडायचं नाही. सवय मोडायला तिला वेळ लागतोय, दोनदा विसरली. आत्ता आतून तिनं विचारलं, "च्या ठेऊ का?"

साध्या आवाजात. साक्रीच्या. मला स्पष्ट ऐकू आलं, पण मी काही बोललो नाही.

थोड्या वेळानं तिनं पुन्हा विचारलं, तेवढ्याच हळू. मग मी हो म्हणालो.